गोपद्मांची तिसरी ओळ

१

नल्लकुंट्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर दिवस उजाडायचा तो बोअरच्या मोटारीनं. खाली मोटार घरघरली, पाईपातून पाणी खळखळत वर चढलं, की अनुराधाबाई आंघोळ उरकून, केसांना पंचा गुंडाळून देवघरात शिरायच्या. देवघर म्हणजे स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधला कोनाडाच. भिंतीला टेकून सागवानी देव्हारा, त्याच्यापुढे जेमतेम दीड वीत फरशी, मग पाट, आणि पाटाच्या अलीकडे बाई.

चातुर्मासातलं गोपद्मांचं व्रत होतं. गोपद्म म्हणजे गाईचं पाऊल. दोन पाकळ्या, मध्ये फट. रोज रांगोळीची तेहतीस काढायची, अकरा-अकराच्या तीन ओळी, भोवती चौकट. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला संपलं. असं पाच वर्षं. हे पाचवं होतं.

मागच्या खोलीत सून बसायची. रसिका पॅथॉलॉजिस्ट होती, कुकटपल्लीतल्या एका लॅबमध्ये. त्या गर्दीतून रोज जाणं-येणं नको म्हणून आठवड्यातले चार दिवस घरूनच काम. पेशंटच्या आतड्याचा तुकडा तिकडे मेणात बसवायचे, कागदाहून पातळ कापायचे, रंगवायचे, आणि त्या काचेचं चित्र इकडे तिच्या मोठ्या पडद्यावर उमटायचं. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अनुराधाबाई म्हणाल्या होत्या, "अगोबाई, काय सुरेख खडी काढलीय साडीवर! गुलाबी-जांभळी."

"आई, हे मोठं आतडं आहे," रसिका हसत म्हणाली. "आणि निरोगी आहे, म्हणून सुरेख. ही एकेक गोल ग्रंथी बघा. प्रत्येक वेगळी, मध्ये भोक, आणि दोघींच्यामध्ये मोकळी जागा. तुमच्या गोपद्मांसारखं."

"आणि बिघडलं की?"

"पहिली जाते ती मधली जागा. एकमेकींना चिकटतात. दोघींत एकच भिंत, मग नुसती भोकंच भोकं. चाळणीच म्हणा ना. आणि त्याहून पुढे गेलं, की खालची स्नायूंची भिंत फोडून बाहेर."

उदयराव दारात पेपर घेऊन उभे होते. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यातल्या बीडकडून इथे, राजधानीत आले, त्यामुळे मराठीत दख्खनी कधी मिसळली हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. "हौ! म्हणजे आपल्या नल्लकुंट्यासारखंच की. पहिले दोन घरांच्या मध्ये जांभळाचं झाड असायचं, आता दोघांत एकच भिंत. बिल्डरलोक म्हणजे क्यान्सरच बघ."

"अहो, सकाळच्या पारी कसलं नाव घेता!" अनुराधाबाई म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

२

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी काढून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं मोजलं. तेहतीस. पण तिसऱ्या ओळीतली, म्हणजे पलीकडच्या, देवाकडच्या ओळीतली सातवी आणि आठवी पावलं एकमेकांना चिकटली होती. चिकटली म्हणजे रांगोळी फिसकटली असं नव्हे. दोघांच्या मध्ये एकच रेघ होती. नीट, ठसठशीत काढलेली.

आपणच काढली, दुसरं कोण काढणार? वय साठीला टेकलं. मोतीबिंदूचं डॉक्टर मागेच बोलले होते. त्यांनी ओल्या बोटानं ती दोन पुसली आणि पुन्हा काढली.

मंगळवारी सातवी, आठवी आणि नववी. बुधवारी त्याच तिघांत लहान लहान पाच भोकं होती. ती पुसायला हात गेला, पण थांबला. हे काढायला वेळ लागला असेल. मग तो वेळ आपल्याला आठवत कसा नाही?

त्याच दिवशी चहाचा कप घेऊन रसिका कोनाड्यापाशी आली, पाटाकडे पाहिलं, आणि कप तसाच हातात राहिला.

"आई, तुम्ही माझ्या खोलीत आला होतात?"

"आत्ता? छे गं. तुझी खोली तर आतून बंद."

"मग हे कुठून काढलंत?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं सासूला दंडाला धरून आत नेलं. पडद्यावर गुलाबी-जांभळं चित्र होतं. डावीकडे सहा गोल ग्रंथी सुट्या सुट्या. मग तीन एकमेकींत मिसळलेल्या, त्यात पाच भोकं. चौथं भोक बाकीच्यांपेक्षा मोठं, जरासं तिरकं.

पाटावरचं चौथंही तिरकंच होतं.

३

माणसाची बुद्धी मोठी समजूतदार असते. भीती वाटायच्या आत ती कारण शोधून देते. रसिका म्हणाली, रोज येता-जाता पडदा दिसतो, तुमच्या हातात ते बसलंय, मी दिवसभर हेच बघते म्हणून मला सगळीकडे हेच दिसतं. दोघींना पटलं. दुपारी दोघी पोटभर जेवल्या.

पण अनुराधाबाईंची पुण्याची बहीण गौरी हिला रोजच्या गोपद्मांचा फोटो जायचा. तीही तेच व्रत करत होती, आणि कुणाची आधी होतात यावर दोघींची गोड चढाओढ होती. बुधवारचा फोटो सकाळी सहा वाजून बारा मिनिटांचा होता. ती काच मशिनवर चढली होती नऊ वीसला.

त्यानंतर रसिका सकाळी लवकर उठू लागली. सासूच्या पाटाचा फोटो काढायचा आणि दिवसाची पहिली केस येईपर्यंत थांबायचं. सहापैकी सहा दिवस जुळलं. एका दिवशी तिसरी ओळ अगदी स्वच्छ होती. त्या दिवशीचा पेशंट निरोगी निघाला. अनुराधाबाईंनी त्या अनोळखी नंबरासाठी देवापुढे साखर ठेवली.

सातव्या दिवशी रसिकानं फोटो फिरवून पाहिला. मग हळूच विचारलं, "आई, बाकीच्या पावलांची फट तुमच्याकडे आहे. या बिघडलेल्यांची पलीकडे का?"

"पलीकडे?"

"तुम्ही उलटी का काढता? म्हणजे... उलटी नाहीच ही. पलीकडे बसून काढली तर सुलटीच येतील."

दोघींनी पाटापलीकडे बघितलं. दीड वीत फरशी, आणि मग देव.

४

"सोडा हे व्रत," रसिका म्हणाली. "मी डॉक्टर असून सांगते, मला भीती वाटते."

"पाचव्या वर्षी? चारही वर्षं पाण्यात जातील गं." खरं कारण वेगळं होतं. आयुष्यभर त्या व्रतं करत आल्या होत्या. सोळा सोमवार, हरतालिका, वटपौर्णिमा, नवसाच्या चतुर्थ्या. प्रत्येक वेळी या बाजूला आपण आणि त्या बाजूला कुणीतरी ऐकणारं, असंच त्यांनी धरलं होतं. आता त्या बाजूनं काही आलं होतं, आणि उठून पळायचं? ते मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनच ओळी काढल्या. बावीस. चिमूट डबीत झटकली, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि माळ ओढायला घेतली.

मोटार बंद झाली. विद्यानगरच्या बाजूनं गाडीची शिट्टी आली आणि गेली. आत उदयराव घोरत होते. मग त्या सगळ्याच्या खालून एक आवाज आला. रांगोळी पडण्याला आवाज असतो हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. स्वतःच्या हातून पडते तेव्हा ऐकूच येत नाही. सुपातून बारीक कणी सरकावी तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. अकरा वेळा.

डोळे उघडले तेव्हा तिसरी ओळ भरलेली होती. समोर देव जागच्या जागी होते. समईची वात जराही हललेली नव्हती.

त्यांना भीती वाटली ती पुढच्या विचाराची. ही ओळ जे आहे ते सांगते, की ही काढली जाते म्हणून ते तसं होतं?

५

भाद्रपदात गौरीपूजनाच्या दिवशी उदयरावांच्या धोतराला रक्त दिसलं.

"मूळव्याध आहे," ते म्हणाले. "काचीगुड्याच्या वैद्याकडून चूर्ण आणलंय. चार महिने झाले, घेतोय मी."

"चार महिने!" रसिका ओरडली. "बाबा, घरात डॉक्टर आहे हो!"

"तू काचेवरची डॉक्टर. मी अजून काचेवर गेलो नाही ना, म्हटलं कायकू त्रास द्यायचा पोरीला."

त्याच आठवड्यात कॅमेरा घालून तपासणी झाली. डॉक्टरांना आत एक गाठीसारखं दिसलं होतं. त्यांनी तुकडा काढून लॅबकडे पाठवला. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण द्यायचा नाही, म्हणून रसिकानं तो आपल्या वरिष्ठ सुजाता मॅडमकडे सोपवला. काच गुरुवारी सकाळी बघायची ठरलं.

बुधवारी दिवसभर अनुराधाबाईंचं कशातच लक्ष नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. उदयराव मुकाट्यानं खाऊन उठले, यावरूनच त्यांच्याही मनात काय चाललंय ते कळलं.

संध्याकाळी अनुराधाबाईंना आठवला तो साचा. गौरीनं राखीपौर्णिमेला पुण्याहून पाठवला होता, प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा. रांगोळी भरून आपटला की एका झटक्यात गोपद्म तयार. "ही फसवणूक झाली गं," म्हणून त्यांनी तो न वापरता फडताळात टाकला होता.

गुरुवारी मोटार सुरू व्हायच्या आधीच त्या देवघरात होत्या. तिन्ही ओळी त्यांनी साच्यानं छापल्या. टप, टप, टप. पलीकडच्या ओळीत सुईच्या टोकाएवढी जागा ठेवली नाही. तेहतीस पावलं, सगळी सुटी, सगळी सारखी, सगळ्यांची फट आपल्याकडे. वर पदर पसरून त्या म्हणाल्या, "आता कुठे काढाल?"

देवाला उद्देशून असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. की ते देवाला नव्हतंच?

त्या सकाळी आवाज आला नाही. पण पलीकडे जे कुणी बसलं होतं ते उठून गेलं नव्हतं, एवढं त्यांना कळत होतं.

६

अकरा वाजता सुजाता मॅडमचा फोन आला. रसिकानं स्पीकर लावला.

"नॉर्मल आहे," मॅडम म्हणाल्या.

अनुराधाबाई पलंगावर बसल्या. उदयरावांनी दारातूनच दोन्ही हात वर केले. "पास!"

"पण रसिका, तू एकदा बघच. अशी काच मी तीस वर्षांत पाहिली नाही."

रसिकानं चित्र उघडलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं. खोलीत फक्त माउसचं चाक फिरल्याचा आवाज. "मॅडम, या सगळ्या सारख्या आहेत."

"सारख्या म्हणजे अगदी सारख्या. दोन ग्रंथी कधी सारख्या नसतात गं, आतडं काय कारखाना आहे? आणि डावीकडे बघ, प्रत्येकीच्या कडेला तोच एक खळगा. मी मोजल्यासुद्धा. तेहतीस."

अनुराधाबाई उठल्या, देवघरात गेल्या, साचा घेऊन खिडकीपाशी आल्या. उजेडाला धरला. डाव्या पाकळीतलं एक भोक फडताळात सांडलेल्या, वाळलेल्या कुंकवानं बुजलं होतं.

कॅमेऱ्याला गाठ दिसली होती, आणि रक्त तर अजून जातच होतं. म्हणजे आत जे होतं ते आतच होतं. फक्त ते दाखवणारी एक खिडकी होती, आणि तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा ओढला होता.

"पुन्हा तुकडा घ्यायला सांग," त्या सुनेला म्हणाल्या.

"पुन्हा?" उदयराव म्हणाले. "पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला कोण बसवतं? नक्को बाबा."

"अहो, ऐका माझं. चूक माझी झाली."

"तुझी? तू काय आत जाऊन बसली होतीस का?"

ते हसले. त्या हसल्या नाहीत, आणि चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा असा चेहरा न पाहिलेले उदयराव मुकाट्यानं चप्पल शोधू लागले.

दुसरा तुकडा तपासायच्या दिवशी अनुराधाबाईंनी दोनच ओळी काढल्या, साध्या हातानं, आणि तिसरी मोकळी ठेवून म्हणाल्या, "जे असेल ते."

अकराच्या अकरा एकमेकांत मिसळून आली. नुसती चाळणी. दुपारचा रिपोर्ट काय येणार ते विचारायची गरजच नव्हती.

७

ऑपरेशन आश्विनात झालं. वीतभर आतडं काढलं. उदयराव शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले, तर "बिल्डर गेला का?"

पण खरी गोष्ट अजून कळायची होती. काढलेल्या आतड्याच्या काचा बनून त्या तपासल्या जाणार होत्या. रोग स्नायूंच्या भिंतीच्या आत थांबलाय की बाहेर पडलाय, यावर पुढची वर्षं ठरणार होती. आत असेल तर बहुतेक सुटका. बाहेर असेल तर रसिका ते वाक्य पुरं करत नसे.

त्या सकाळी अनुराधाबाईंनी दोन ओळी काढल्या आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले.

हात दिसला नाही. पाटापासून चार बोटं वर, चिमटीच्या उंचीवर, हवेतूनच पांढरी धार सुटत होती. पावलावर पाऊल, भिंतीला भिंत. ओळ भरली. धार थांबली नाही. ती चौकटीकडे, पलीकडच्या रेघेकडे सरकू लागली. चौकट म्हणजे काय ते अनुराधाबाईंना सांगावं लागलं नाही.

एक भोक. दुसरं. तिसरं रेघेपासून तीन बोटांवर. मग दोन.

आणि तेव्हा त्यांची नजर पाटापलीकडच्या फरशीवर गेली. इतक्या दिवसांची उडालेली रांगोळी तिथे पातळ थरानं बसली होती. त्या थरात दोन गोल जागा स्वच्छ होत्या, शेजारी शेजारी. मांडी दुखते म्हणून गुडघ्यावर बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यांएवढ्या. पाहता पाहता त्यातली एक जराशी पुढे सरकली.

मागायचं होतं. पण मागायचं कोणाकडे? तिकडे देव होते, आणि देवाच्या व त्यांच्या मध्ये हे जे बसलं होतं ते देवाचं होतं की देवाआड आलेलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. नाव माहीत नसेल तर हाक तरी कशी मारायची?

मग त्यांनी हाक मारलीच नाही. पुढे वाकून उजवा तळहात पाटावर उपडा ठेवला, भोकाच्या आणि रेघेच्या मध्ये.

धार हातावर पडली. थंड नव्हती, अंगाच्या उबेइतकी कोमट होती, बराच वेळ मुठीत धरल्यासारखी. करंगळीमागून सरकत ती अंगठ्यापर्यंत आली. अनुराधाबाईंचा हात थरथरला. आणि त्यांना दिसलं, की धारही थरथरतेय.

मग ती थांबली.

दुपारी रसिका धावत आली. "आत आहे, आई. भिंतीच्या आतच आहे. मॅडम म्हणाल्या, इतकं पुढे येऊन असं सरळ रेषेत थांबलेलं... जणू काही आडवं आलं होतं."

"हं," अनुराधाबाई म्हणाल्या. त्यांनी हात अजून धुतला नव्हता.

८

कार्तिकीला व्रत संपलं, दुसऱ्या दिवशी द्वादशीला उद्यापन झालं. सवाष्णी जेवल्या. उदयरावांनी मऊ भात आणि साजूक तूप खाल्लं आणि पुरणपोळीकडे बघून एक शेर म्हटला, त्यावर सगळे पोट धरून हसले. रसिकानं स्वतः पाट धुतला, पुसला आणि माळ्यावर टाकला. "सुटलात, आई," ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मोटार घरघरली. अनुराधाबाई आंघोळ करून उभ्या राहिल्या. आता काही काढायचं नव्हतं. आत उदयराव गाढ झोपले होते. दोनेक महिन्यांनी त्यांचं घोरणं परत आलं होतं. मागच्या खोलीतला पडदा काळा होता. थोड्या वेळानं त्यावर नंबर येतील. नाव नाही, गाव नाही. प्रत्येक नंबरामागे एखादी बाई भाजीत दोनदा मीठ घालत असेल.

त्यांनी स्टूल घेतलं आणि पाट खाली काढला.

बसल्या. स्वतः एकही ओळ काढली नाही. चौकट तेवढी आखली आणि डबी मध्ये ठेवली, दोन्हीकडून पोचेल अशी.

"आज कोणाचं?" त्यांनी विचारलं. शेजारणीला विचारावं तसं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो बारीक कणीचा आवाज आला. पण तिसऱ्या ओळीच्या जागेवरून नव्हे. तो अलीकडून येत होता, अगदी पहिल्या ओळीतून, त्यांच्या गुडघ्याला लागून. एक पाऊल उमटलं, त्याला चिकटून दुसरं. दोघांत एकच भिंत.

अनुराधाबाईंनी ते पाहिलं. आज आपलंच. पदर खोचला, श्वास सावकाश सोडला, आणि तळहात पाटावर ठेवला.